पाच वर्षं जुन्या लॅपटॉपला दुसरी ड्राइव्ह: दीड वर्ष वापरून लिहिते

मी पानं लावते, म्हणजे डीटीपी करते. नारायण पेठेत राहत्या घरातल्याच एका खोलीत टेबल, त्यावर मोठा मॉनिटर आणि त्याला जोडलेला लॅपटॉप. लॅपटॉप ऑगस्ट 2019 चा: इंटेलचा आठव्या पिढीचा आय5, 8 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क. हार्ड डिस्क मिनिटाला 5,400 फेरे घेणारी, साधी. घेतला तेव्हा बरा चालायचा. 2023 च्या दिवाळी अंकांच्या वेळी मात्र त्याने मला रडवलं. हे मी शब्दशः लिहितेय. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री साडेबारा वाजता, संपादकांचा फोन चालू आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरणारं चक्र. "सत्याऐंशी पानावरची शेवटची ओळ पुढच्या पानावर गेलीय, तेवढी आत घ्या," एवढंच काम होतं. फाइल उघडून ते पान समोर यायला जवळपास दोन मिनिटं लागली. तिकडे ते फोन धरून, इकडे मी. छपाईची प्लेट सकाळी सातला जायची होती.

टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात कायम शंभर टक्के दिसायचं. प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत, डिस्क मात्र गळ्यापर्यंत कामात बुडालेली. याचं कारण मला नंतर नीट कळलं. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि एक सुईसारखा हात तिच्यावर पुढेमागे सरकत मजकूर वाचतो. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर एमबीपर्यंत देते. पण माझ्या कामात सलग काहीच नसतं. नऊशेच्या वर फॉन्ट आहेत, त्यात श्रीलिपीच्या काळातले जुने फॉन्टही आले, कारण काही लेखक आजही त्यातच मजकूर पाठवतात. अंकात तीनशे-साडेतीनशे चित्रं, प्रत्येक वेगळ्या फोल्डरमध्ये. त्या हाताला दर वेळी इकडून तिकडे धावावं लागतं. अशा बारीक-बारीक तुकड्यांचा वेग मी मोजून पाहिला, तेव्हा हार्ड डिस्कचा आकडा आला सेकंदाला 0.6 एमबी. एक एमबीसुद्धा नाही.

नवा लॅपटॉप घ्यायचा तर पासष्ट-सत्तर हजार, आणि वर सगळी सॉफ्टवेअर, फॉन्ट, सेटिंग नव्याने. ते मला नको होतं. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात एक रिकामा एम.2 स्लॉट, म्हणजे पातळ पट्टीसारखी ड्राइव्ह खोचायची जागा, असल्याचं लिहिलं होतं. म्हणजे जुनी हार्ड डिस्क न काढता शेजारी दुसरी ड्राइव्ह, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी), बसवता येणार होती.

पुढे जे चुकलं ते आधी सांगते, कारण या लेखात सगळ्यात उपयोगाचं तेच आहे.

मे 2024 मध्ये ऑनलाइन बघून मी 512 जीबीची एक एम.2 एसएसडी मागवली. आकार बरोबर होता: 22 मिमी रुंद, 80 मिमी लांब, च्युइंगमच्या पट्टीएवढी. भाच्याने झाकण उघडून बसवली. स्लॉटमध्ये ती व्यवस्थित गेली, सैल नाही, घट्ट नाही. पण लॅपटॉप चालू केला तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, तिचा पत्ताच नाही. काढून पुन्हा लावली. पुसून लावली. नाहीच. परत पाठवायची मुदत सात दिवसांची होती, आणि आमचे हे प्रयोग होईपर्यंत दहा दिवस उलटून गेले होते. मग लॅपटॉप घेऊन एका सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, "मॅडम, स्लॉट डेड आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल." अंदाज दिला अठरा हजारांचा. त्या दिवशी घरी येऊन मी नव्या लॅपटॉपचे हप्ते किती पडतील ते बघत बसले होते.

ज्यांच्यासाठी मी नेहमी निमंत्रणपत्रिका करते त्या छापखान्याचे मालक म्हणाले, एकदा तपकीर गल्लीत दाखव, मग ठरव. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पुणेकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: इलेक्ट्रॉनिक सामानाची ही जुनी बाजारपेठ, अप्पा बळवंत चौकातून चालत काही मिनिटांवर. दुचाकी लावायला जागा मिळेल ही आशा सोडा. आता मंडईचं मेट्रो स्टेशन झाल्यापासून लांबून येणाऱ्यांची सोय झाली आहे, तेव्हा ते नव्हतं. मी चालतच गेले.

दुकान पहिल्या मजल्यावर, अरुंद लाकडी जिन्याने वर, जेमतेम दहा बाय दहा. काउंटरवर एक दादा, आणि मागे स्टुलावर बसून एक मुलगा मोबाइलचं काहीतरी डाग देत होता. मी सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली, तर दादा म्हणाले, "ताई, आधी ती एसएसडी दाखवा." मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, सोनेरी दातांची बाजू माझ्याकडे केली आणि नखाने दाखवलं: "हे बघा, इथे दोन खाचा आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. ही साटावाली. तुमच्या लॅपटॉपला एनव्हीएमई लागत असणार. तिला खाच एकच असते."

मग त्यांनी काचेखालून दुसरी एक ड्राइव्ह काढून शेजारी ठेवली. खरंच, एकच खाच. आकार तोच, लांबी-रुंदी तीच, स्क्रूचं अर्धगोल भोकही तिथेच. फरक फक्त त्या एका बारीक खाचेचा. दोन खाचांची पट्टी एकाच खाचेच्या स्लॉटमध्ये आरामात बसते, म्हणून आम्हाला वाटलं की बसली म्हणजे जमलं. पण साटा आणि एनव्हीएमई या ड्राइव्हशी बोलायच्या दोन वेगळ्या भाषा; लॅपटॉप तिच्याशी ज्या भाषेत बोलू पाहतो ती भाषाच तिला येत नाही. आमचा स्लॉट ठणठणीत होता. अठरा हजारांचा मदरबोर्ड वाचला तो एका नखाच्या टोकाने, आणि याबद्दल त्या दादांनी माझ्याकडून एक रुपयाही मागितला नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नुसता स्लॉट बघूनही पूर्ण खात्री होत नाही. काही लॅपटॉपमध्ये तसाच दिसणारा स्लॉट दोन्ही प्रकार घेतो, काहींत फक्त साटा, काहींत फक्त एनव्हीएमई. म्हणून दादांनी माझ्या लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या मॅन्युअलची पीडीएफ उघडली, त्यातलं पान मला दाखवलं आणि मगच ड्राइव्ह विकायला काढली. विकायच्या आधी उघडून बघणारा दुकानदार शोधा, एवढंच मी कळकळीने सांगेन. दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

घेतली ती वेस्टर्न डिजिटलची ब्लू एसएन580, 500 जीबी. 4,100 रुपये पक्क्या बिलासकट, बसवायचे आणि विंडोज नव्या ड्राइव्हवर हलवायचे मिळून 600. पाच वर्षांची वॉरंटी आहे, किंवा तिच्यावर एकूण 300 टीबी लिहून होईपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. खोक्यावर वेग लिहिलाय सेकंदाला 4,000 एमबी. दादांनी तिथेच सांगितलं, "ही चौथ्या पिढीची आहे, तुमचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा. चालेल मस्त, पण हा आकडा दिसणार नाही." घरी मोजलं तर साधारण 1,700 आला. स्लॉटची जोडणी जुन्या, तिसऱ्या पिढीची हे एक कारण, आणि माझ्या लॅपटॉपच्या त्या स्लॉटला चारऐवजी दोनच लेन (माहिती जायच्या वाटा) दिलेल्या आहेत, हे दुसरं. मला याचं जराही वाईट वाटलं नाही. माझ्या कामाचा आकडा तो नाहीच. ते बारीक तुकड्यांचं मोजमाप, जे हार्ड डिस्कवर 0.6 होतं, ते या ड्राइव्हवर 41 आलं. पान समोर येतं ते या 41 च्या जोरावर.

बसवताना मी समोर बसून होते. लॅपटॉपमध्ये लेखकांचे अप्रकाशित मजकूर असतात, तो मी कुणाकडे रात्रभर ठेवत नाही, आणि सर्व्हिस सेंटरला दोन दिवस ठेवला याची रुखरुख अजून आहे. दादांना तसं म्हटलं तर त्यांनी काही वाईट वाटून घेतलं नाही, उलट स्टूल पुढे सरकवलं आणि खालच्या अमृततुल्यमधून चहा मागवला. एका कोऱ्या कागदावर त्यांनी लॅपटॉपचा चौकोन काढला आणि झाकणाचा एकेक स्क्रू काढून त्या चौकोनात ज्याच्या-त्याच्या जागी टोचत गेले. दहा स्क्रू, त्यातले मागचे दोन लांब. झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवलं, स्क्रूड्रायव्हर कुठे घुसवला नाही. सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढली, मग बाकीचं. ड्राइव्ह तिरकी धरून आत सरकवली, बोटाने खाली दाबली, आणि तिला धरून ठेवणारा तो इवलासा स्क्रू शोधला, तर तो कुठेच नव्हता. तो बहुधा ड्राइव्हच्या खोक्यात येत नाही, लॅपटॉपमध्ये आधीपासून असायला हवा, माझ्यात नव्हता. (भाच्याने त्या जागी चिकटपट्टी लावली होती. दादांनी ती काढून फेकली आणि त्याचे कान धरा म्हणाले.) मग मागच्या मुलाने औषधाच्या गोळ्यांची जुनी डबी उघडली, त्यात शेकडो स्क्रू, आणि चिमट्याने नेमका हवा तो उचलून दिला. घरी स्वतः करणार असाल तर हा स्क्रू आधी आणून ठेवा, नाहीतर सगळं उघडून बसाल आणि ड्राइव्ह एका बाजूने वर उचललेली राहील.

विंडोज नव्याने टाकायचं की आहे तसंच उचलून न्यायचं, यावर थोडी चर्चा झाली. नव्याने टाकलेलं जास्त स्वच्छ, हे मलाही मान्य. पण माझे फॉन्ट, कीबोर्डच्या सवयी, जुनी सॉफ्टवेअर हे सगळं पुन्हा उभं करायला आठवडा गेला असता. म्हणून फक्त विंडोजचा भाग, म्हणजे सी ड्राइव्ह, जसाच्या तसा नव्या एसएसडीवर उतरवला. 118 जीबी होता, तासाला थोडा जास्त वेळ लागला. मग बायोसमध्ये नवी ड्राइव्ह पहिली केली. लॅपटॉप चालू झाला तेव्हा दादांनी तोंडाने आकडे मोजले. एकोणीसला डेस्कटॉप तयार होता. आधी चार मिनिटं चाळीस सेकंद लागायचे. मी ते कागदावर लिहून नेलं होतं.

घरी आल्यावर मात्र एक जबरदस्त धक्का बसला. रात्री एक चालू पुस्तक उघडलं तर सगळ्या चित्रांपुढे लाल गोलात प्रश्नचिन्ह. दोनशे चौदा चित्रं, एकही जागेवर नाही. हातपाय गार पडले. चित्रं जुन्या हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हवर होती; तो बघायला गेले तर डी नाहीच, त्याच्या जागी काहीतरी भलतंच नाव. दादांचा नंबर बिलावर होता, पण रात्रीचे दहा वाजलेले. तरी केला, आणि त्यांनी उचलला. एक ड्राइव्ह दुसरीची हुबेहूब नक्कल असली की विंडोज गोंधळतं, जुन्या हार्ड डिस्कला नवी ओळख देतं, आणि त्या भानगडीत माझ्या डी चं ई झालं होतं. फाइली सगळ्या जागेवर होत्या, पत्ता तेवढा बदललेला. इनडिझाइन, म्हणजे मी पानं लावते ते सॉफ्टवेअर, मात्र जुन्याच पत्त्यावर चित्रं शोधत होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ई चं पुन्हा डी केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि दोनशे चौदा चित्रं परत आली. पाच मिनिटांचं काम. पण हे आधी ठाऊक असतं तर ती पाच मिनिटं अशी गेली नसती. तुमच्या कामात चित्रं, ऑडिओ किंवा व्हिडिओ बाहेरून जोडलेले असतील तर दुकानातून उठायच्या आधी ड्राइव्हची अक्षरं तपासा.

आता दीड वर्षाचा हिशोब. दोन दिवाळ्या यावर काढल्या, 2024 ची आणि 2025 ची, मिळून पाच अंक आणि मधली पुस्तकं. इनडिझाइन सुरू व्हायला पूर्वी दीड मिनिट लागायचं, कारण सगळे फॉन्ट वाचून होईपर्यंत ते थांबतं. आता बारा सेकंद. 232 पानांचा अंक उघडायला एक मिनिट पन्नास सेकंद लागायचे, आता अकरा. छपाईची पीडीएफ काढणं मात्र चौदा मिनिटांवरून नऊवर आलं, त्याहून खाली नाही, कारण तिथे प्रोसेसरचं काम आहे आणि तो जुनाच आहे. रॅमही दोन महिन्यांनी 8 ची 16 करून घेतली. एसएसडीने रॅमची कमतरता झाकली जाते, भरून निघत नाही.

या वर्षी प्लेट जायच्या आदल्या रात्री त्याच संपादकांचा फोन आला. "एकशे बारा पानावर..." एवढं त्यांनी म्हटलं तोपर्यंत पान माझ्यासमोर होतं. त्यांना ते कळलं नाही, मला कळलं.

जुनी हार्ड डिस्क आतच आहे. छापून झालेले अंक तिच्यावर ठेवते, चालू कामं एसएसडीवर. कुणी 2021 च्या अंकातलं एखादं चित्र मागितलं की डी ड्राइव्ह उघडते, आधी दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग आतून टक् असा आवाज आणि तबकडी घुमायला लागते. आता तो आवाज कानांना वेगळा जाणवतो, कारण एरवी लॅपटॉप अगदी शांत असतो.

या शांततेचीच मला थोडी भीती आहे. हार्ड डिस्क जायच्या आधी बहुतेक वेळा कुरकुर करते, खडखड करते, माणसाला सावध करते. एसएसडी गेली तर एखाद्या दिवशी काही न सांगता जाऊ शकते. शिवाय विंडोज पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीवर पाठोपाठ मोकळी करून टाकतं, त्यामुळे चुकून डिलीट झालेलं परत मिळण्याची आशा हार्ड डिस्कपेक्षा फारच कमी. म्हणून रोज रात्री चालू कामाची प्रत बाहेर काढते. कशावर, तर त्या पहिल्या, दोन खाचांच्या एसएसडीवर. दादांनीच सुचवलं: आठशे रुपयांत साटा एम.2 ची यूएसबी डबी मिळते, तिच्यात घाला. घातली. चुकून घेतलेली वस्तू आज माझ्या ड्रॉवरमधला विमा झाली आहे.

एसएसडीच्या आयुष्याबद्दल लोक विचारतात. ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर मी अधूनमधून बघते. दीड वर्षात माझं लिहून झालंय 6 टीबी, कंपनीची हमी 300 ची. पानं लावणाऱ्या बाईला ते संपवता येणार नाहीत. रोज तासन्‌तास व्हिडिओ कापणाऱ्याने वेगळा हिशोब करावा.

एक निर्णय मी आज वेगळा घेतला असता. 500 जीबीऐवजी 1 टीबी घेतली असती. कंपनी 500 म्हणते ते हजाराच्या हिशोबाने, विंडोज 1,024 च्या हिशोबाने मोजतं, त्यामुळे स्क्रीनवर 465 दिसतात. त्यात विंडोज, सॉफ्टवेअर आणि दोन अंक एका वेळी चालू असले की शंभरच जीबी उरतात. तेव्हा 1 टीबीला दीड-दोन हजारच जास्त पडत होते. आता मेमरी चिपचे भाव गेल्या काही महिन्यांत चांगलेच चढलेत, माझ्या बिलावरचा आकडा बघून दुकानात जाऊ नका.

आणखी एक फायदा आपोआप झाला. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, म्हणजे माझा लॅपटॉप अगदी काठावर पास झाला. हार्ड डिस्कवर विंडोज 11 चालवायचं धाडस मी केलं नसतं. एसएसडीवर एका दुपारी टाकलं आणि संध्याकाळी कामाला बसले.

ज्यांचा लॅपटॉप चार-सहा वर्षांचा आहे, हार्ड डिस्कवर चालतोय आणि ज्यात स्लॉट रिकामा आहे, त्यांनी हे नक्की करावं. ज्यांच्यात आधीच एसएसडी आहे आणि फक्त जागा कमी पडतेय, त्यांना वेगात फरक जाणवणार नाही, जागा मिळेल.

पुढच्या आठवड्यात बहिणीचा लॅपटॉप घेऊन पुन्हा तपकीर गल्लीत जायचंय. मॉडेल नंबर कागदावर लिहून घेतलाय, मॅन्युअलचं पान छापून ठेवलंय, त्यात एनव्हीएमई असं स्पष्ट लिहिलंय. तिच्यातही तो स्क्रू नसणार, असं मी दादांना फोनवर सांगून ठेवलंय.